शक्ती आणि धारणा

यंत्राची शक्ती वाढविणे हा नीतीचा प्रश्न होऊ शकतो काय, असे कोणी विचारले असते, तर गतवर्षापर्यंत प्रस्तुत लेखकाने तो प्रश्न हसण्यावारी नेला असता. यंत्र जड आहे, नीती माणसाची आहे, असे म्हणून मी मोकळा झालो असतो. परंतु मोपा येथील एक तरुण मेकॅनिक एके सायंकाळी माझ्या कचेरीत आला, आणि त्याने आणलेला प्रश्न अद्याप माझी पाठ सोडीत नाही.

त्याच्या घरी वडिलांच्या वेळचा एक टिपर आहे. डिचोलीच्या खाणींचे खनिज जेटीवर पोचविण्यासाठी तो कर्जाने घेतला होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. मध्यंतरी काही काळ चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे २०१८ च्या मार्चपासून पुन्हा थांबल्या. या उलथापालथीत टिपर राहिला आणि कर्जही राहिले. आता तो चिरे वाहतो. भाडे खेपेवर मिळते. ज्या सड्यावर २०२३ पासून विमाने उतरू लागली, त्याच सड्याचा चढ हा भरलेला टिपर धापा टाकीत चढतो, आणि दिवसाच्या खेपा अपुऱ्या पडतात. म्हणून या मुलाने भंगारातून एका मोठ्या इंजिनाचा टर्बो मिळविला होता. इंजिनावर मुळात एक टर्बो आहेच. त्याला हा दुसरा आपल्या हातांनी जोडावयाचा, असा त्याचा बेत. कायद्यात बसेल काय, एवढेच त्याला विचारावयाचे होते.

ज्या वाचकांचा यंत्रांशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. डिझेल जाळावयाचे तर हवा हवी, आणि जितकी हवा अधिक तितके अधिक डिझेल जाळता येते. जळून गेलेला वायू मात्र आपली उष्णता आणि वेग घेऊन सायलेन्सरवाटे फुकट निघून जातो. या टाकाऊ वायूने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. टर्बो तो हाच. लहान टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहूनही अधिक फेरे घेते. दोन टर्बो एकापुढे एक जोडले की मोठ्याने दाबलेली हवा धाकटा पुन्हा दाबतो. प्रत्येकाने दाब दुप्पट केला, तर इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब चौपट होतो. जे वाया जात होते त्यातून बळ निर्माण करावयाचे, या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहात नाही.

कायद्याचे उत्तर सोपे होते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, ठरावीक अपवाद सोडता, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात २०१९ च्या जानेवारीत हेच स्पष्ट केले; त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला कैदेची व दंडाची शिक्षाही ठेवली. मी हे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "वकीलबाब, गाडी म्हजी, हात म्हजे; मागीर कायदो मदीं कित्याक?"

या प्रश्नाला कलमाचे उत्तर पुरे पडत नाही. कायदा मना करतो म्हणून एखादी गोष्ट वाईट, असे म्हणणे वकिलाला शोभेल, विचारी माणसाला नव्हे.

'धर्म' हा शब्द 'धृ' धातूपासून आला आहे. धृ म्हणजे धारण करणे. भगीरथाच्या तपाने गंगा पृथ्वीवर यावयास सिद्ध झाली, तेव्हा तिचा वेग पृथ्वीला सोसणार नव्हता. तो शंकराने जटांत धारण केला. वेग मिळविण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व तो धारण करण्याला आहे, हे आपल्या पूर्वजांनी या कथेत सांगून ठेविले आहे. दुसऱ्या टर्बोने इंजिनाचे बळ वाढेल; पण ब्रेक, आस, चेसिस पूर्वीचेच राहतील. चढ सोपा झाला म्हणून उतार सोपा होत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. आणि त्या चौपट अंतरात कोण असेल? शाळेतून परतणारे मूल असेल, देवळाकडे निघालेली म्हातारी असेल. गाडी त्याची, हात त्याचे. रस्ता मात्र त्याचा एकट्याचा नव्हे. ज्या धोक्याला दुसऱ्याची संमती नाही, तो धोका पत्करण्याचा अधिकार आपल्या मालकीतून निर्माण होत नाही.

त्याला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. त्यानेच मला सांगितले की, टर्बोचे सील फाटले तर इंजिनाचे वंगणाचे तेल हवेबरोबर आत ओढले जाते आणि इंजिन त्यावरच धावू लागते. मग डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही. हवेची वाट बंद करावी लागते, नाहीतर फुटेपर्यंत ते पळतच राहते. जे तेल झिजेपासून रक्षण करावयाचे, तेच जाळून धावणारे यंत्र! लोभाचे याहून चांगले वर्णन मी कुठल्या प्रवचनात ऐकलेले नाही.

तथापि, त्याला उपदेश करून मी उठलो असतो तर ते अर्धसत्य ठरले असते. जाताना त्याने सहज विचारले, "तुमच्या देवळाच्या अग्रशाळेचे चिरे मीच घातले ना?" मला आठवले. देवस्थानच्या बैठकीत वाहतुकीचा दर प्रत्येक खेपेमागे आणखी खाली ओढणाऱ्यांत मीही होतो. देवाचा पैसा वाचविला, या समाधानात आम्ही चहा घेतला होता. त्या दरात कर्ज फेडावयाचे तर एका दिवसात किती खेपा माराव्या लागतील, हा हिशेब आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. त्या टिपरवर दुसरा टर्बो चढविण्याची सुरुवात कदाचित त्याच बैठकीत झाली असेल.

तो टर्बो अद्याप त्याच्या बाकावर पडून आहे. खंडेनवमीस इतर हत्यारांबरोबर त्यालाही झेंडूचे फूल वाहिलेले मी पाहिले. उद्या तो जोडला जाईल की नाही, हे एकट्या त्याच्या विवेकावर सोडून देणे मला आता अप्रामाणिक वाटते. पुढच्या बैठकीत वाहतुकीचा दर निघेल, तेव्हा तो खेपेवर न ठरविता दिवसावर, आणि पोट भरेल असा ठरवावा, असे मी मांडणार आहे. दुसऱ्याला मर्यादा शिकवावयाची असेल, तर तिची किंमत आपणही मोजली पाहिजे.