चौथं ऋण

वसई तालुक्यातल्या आमच्या चांदीपला एकादशीच्या संध्याकाळी बायकांचं भजन असतं. हरिपाठ, चार अभंग, आरती आणि शेवटी पसायदान. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे मंडळात सगळ्या मला अजून ‘बाई’ म्हणतात आणि शंका आली की माझ्याकडेच आणतात. मागे एका सुनेनं विचारलं, “बाई, माउलींनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, आळंदीसाठी नाही, सगळं जगासाठी मागितलं. मग ते म्हटल्यावर आपल्यावर काही येतं का? की म्हटलं, प्रसाद घेतला, झालं?”

हा प्रश्न तिला उगाच सुचला नव्हता. तिच्या भावानं तिला म्यानमारमधली चित्रं दाखवली होती. 1 फेब्रुवारी 2021 ला तिथल्या लष्करानं सत्ता बळकावली, त्यानंतर लोक रोज रात्री घराघरांतून भांडी बडवत होते. आमच्या पिढीला यात नवल वाटत नाही. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांनी महागाईविरुद्ध बायकांना हातात लाटणं घेऊन रस्त्यावर आणलेलं आम्हाला आठवतं. म्यानमारची पोरं तीन बोटं उंचावून सलाम करत होती, ती खूण त्यांनी थायलंडच्या पोरांकडून घेतली. कुणाची खूण कुणाकडे जाते!

देवळात बसलेल्या एका काकांनी लगेच निकाल दिला. “आपल्याकडे नळाला पाणी नाही, आणि तुम्ही ब्रह्मदेशाचं काय घेऊन बसलात?” वर गीतेचा आधार दिला: स्वधर्म बरा, परधर्म वाईट. काकांना मी इतकंच म्हटलं की कृष्णानं हे ज्याला सांगितलं तो रणातून काढता पाय घेत होता. घरी बसायला निघालेल्या माणसाला थांबवण्यासाठी सांगितलेली गोष्ट घरी बसण्यासाठी वापरायची म्हणजे कमाल आहे. पाण्याचा मुद्दा मात्र खरा होता. तो आजही खराच आहे.

अशा प्रश्नाला नेहमीचं उत्तर म्हणजे करुणा. संतांना दुःख बघवत नाही, आपल्यालाही बघवू नये. मला करुणेचा पुरता भरवसा वाटत नाही. ती डोळ्यांवर अवलंबून असते. आज म्यानमार दिसलं, उद्या दुसरं काही दिसेल, परवा मोबाइलचा डेटा संपेल. शिवाय करुणा करणारा जरा उंचावर उभा असतो. आम्ही सुटलेले, ते बिचारे अडकलेले, असा तो हिशेब असतो.

मला दुसरी वाट शतपथ ब्राह्मणात सापडली. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणं सगळ्यांच्या तोंडी असतात. शतपथकार चौथं सांगतो, माणसांचं ऋण. माणूस जन्मतो तोच सगळ्या माणसांचा देणेकरी म्हणून, आणि ते देणं आल्यागेल्याला थारा आणि अन्न देऊन फेडायचं. तिथे विषय पाहुण्याचा आहे, तुरुंगातल्या कैद्याचा नाही. ओढून ताणून तो तुरुंगापर्यंत मी नेते आहे, हे उघड आहे. पण का नेते ते मोहन रानड्यांच्या गोष्टीवरून कळेल.

रानडे मूळचे सांगलीचे. मराठी शिकवायला म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात शिरले आणि पोर्तुगीज ठाण्यांवर सशस्त्र हल्ले केले. 1955 साली बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात नेऊन टाकलं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. ज्या राज्याशी ते लढले ते गोव्यातून निघून गेलं, पण त्यांना कोंडून बसलं. त्यांचं ‘सतीचे वाण’ आमच्या ग्रंथालयात होतं. मुलं ते फारसं नेत नसत, म्हणून मीच वाचून काढलं.

त्यांच्यासाठी धडपडलं कोण ते पाहा. एक सुधीर फडके, गाणं करणारा माणूस. 1954 च्या दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात ते स्वतः उतरले होते, पुढे रानड्यांच्या सुटकेसाठी त्यांनी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं. दुसरे तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई. विवेकवादी चळवळीत वाढलेला हा माणूस 1968 साली रोमला गेला, पोप सहाव्या पॉलना भेटला आणि मागणं काय केलं, तर पोर्तुगालला सांगून त्या मराठी माणसाला सोडवा! अण्णादुराईंचा मराठीशी, गोव्याशी किंवा रानड्यांच्या विचारांशी काय संबंध? आणि तिसरे खुद्द पोप. सालाझारचा पोर्तुगाल स्वतःला कॅथलिक धर्माचा आधारस्तंभ समजत होता. 1964 साली हेच पोप मुंबईला आले तेव्हा भारतात जाणं हा आपला अपमान आहे म्हणून पोर्तुगालनं थयथयाट केला होता. माझ्या बरोबरची एक शिक्षिका वसईतल्या नंदाखालची, ती लहानपणी वडिलांचं बोट धरून या पोपना बघायला मुंबईला गेली होती. वसईहून त्या वेळी गाड्या भरभरून माणसं गेली. आपण ज्यांना बघायला गेलो त्यांच्याकडे पुढे एका हिंदू क्रांतिकारकासाठी रदबदली झाली, हे तिला माझ्याकडून कळलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. 3 फेब्रुवारी 1969 ला अण्णादुराई कर्करोगानं गेले.

मला या दोन तारखा एकमेकींना चिकटूनच दिसतात. ज्याचं देणं झालं तो महिनाभरातच या जगातून गेला. आता ते कुणाला परत करायचं? अण्णादुराईंना तुरुंगातून सोडवायची वेळ कुणावर येणार नव्हती. असं देणं मागे जात नाही, त्याला पुढेच जावं लागतं, अनोळखी माणसाकडे. शतपथातलं चौथं ऋण मी असं समजते. पाहुण्याला आपण जेवू घालतो ते त्यानं कधी आपल्याला जेवू घातलं होतं म्हणून नाही. कधीतरी, कुठेतरी, आपल्याला कुणीतरी घातलेलं असतं म्हणून.

गोव्याचं देणं तर चांगलं आफ्रिकेपर्यंत पोचतं. एप्रिल 1961 मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींमधल्या स्वातंत्र्य चळवळींनी एकत्र येऊन एक परिषद स्थापन केली. अंगोला, मोझांबिक, गिनी आणि त्यांच्याबरोबर गोवा. गोव्यात जन्मलेले आक्विनो द ब्रागांझा त्यात होते. गोवा मोकळा झाल्यावर ते घरी परतले नाहीत, मोझांबिकच्या लढ्यातच राहिले आणि 1986 साली राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. खुद्द पोर्तुगालमधले हुकूमशाहीचे विरोधकही त्याच काशियासमध्ये कोंडलेले असत. एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि त्या किल्ल्याची दारं उघडली. ती क्रांती ज्या सैनिकांनी केली ते आफ्रिकेतल्या युद्धाला विटले होते. म्हणजे वसाहतींनी स्वतःला सोडवता सोडवता मालकालाही सोडवलं.

मोझांबिक स्वतंत्र झाला तो दिवस 25 जून 1975. त्याच रात्री आपल्याकडे आणीबाणी पुकारली गेली. देणेकऱ्याला गर्व करायला जागा कशी राहत नाही, ते त्या एका तारखेत दिसतं. काल दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याला टाळ्या वाजवणारा देश आज स्वतः कुलपात! मग आपल्यासाठी बाहेरचे बोलले. जॉर्ज फर्नांडिस जून 1976 मध्ये कोलकात्याला पकडले गेले, तेव्हा त्यांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पश्चिम जर्मनीचे विली ब्रांट, ऑस्ट्रियाचे क्रायस्की आणि स्वीडनचे पाल्मे यांनी इंदिरा गांधींकडे शब्द टाकला. इकडे दुर्गाबाई भागवत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून सरळ बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. दुर्गाबाईंचं धाडस मोठं, यात शंकाच नाही. पण कोठडीतल्या माणसाला बाहेर कुणीतरी आपलं नाव घेतंय हे लागतं. मारणारा हात त्या नावामुळे निदान एकदा तरी विचार करतो.

सरकारनं त्या वेळी याला ‘परकीय हात’ म्हटलं. सालाझारही गोव्यातल्या माणसांना दुसऱ्याचे हस्तक म्हणत होता. प्रत्येक हुकूमशहाला परकीय हात दिसतो. पंचाईत अशी की कधी कधी तो खरंच असतो. 1973 साली चिलीत लोकांनी निवडलेलं सरकार सैन्यानं पाडलं, त्याआधी अमेरिकेनं ते खिळखिळं करायला गुपचूप पैसा ओतला होता, आणि तोही स्वातंत्र्याचं नाव घेऊनच. मग ओळखायचं कसं? माझी कसोटी साधी आहे. येणारा माणूस कैद्याच्या दारात जातो की सत्तेच्या? फडके आणि अण्णादुराईंना लिस्बनमध्ये कुणाला गादीवर बसवायचं नव्हतं, त्यांना एक माणूस घरी हवा होता. ही कसोटी सगळीकडे पुरी पडेल असं नाही. पण काकांच्या ‘आपल्याला काय करायचंय’पेक्षा ती बरी.

हे सगळं मी मंडळात एकदा समजावून सांगत होते. आमच्यात एक वारली बाई येते, ती मध्येच म्हणाली, “बाई, बाकी सगळं सांगा, कर्जाचं नाव नका घेऊ.” मी गप्प झाले. तिचा आजेसासरा लग्नगडी होता. आमच्या पूर्वपट्ट्यातल्या जुन्या माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. लग्नाला सावकाराकडून शे-दोनशे रुपये घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्या शेतावर राबायचं. ते फिटतच नसत, कारण वही सावकाराकडे. लांबच्या हुकूमशहांच्या गोष्टी करताना हे मी विसरले नव्हते, पण बाजूला ठेवलं होतं खरं. ज्या राज्याचा सगळा कारभार एका सावकाराच्या वाड्यावरून चालतो, जिथे दाद मागायची तर त्याच वाड्यावर, तिथे लिस्बनपेक्षा वेगळं काय होतं?

वेठबिगारी रद्द करणारा कायदा आला 1976 साली, म्हणजे ऐन आणीबाणीत. ज्या राजवटीनं लोकांची तोंडं बांधली तिनंच हा कायदा केला. हे मला आजही पचत नाही आणि नाकारताही येत नाही. पण पुढे काय झालं? 1982 साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली, तेव्हा आमच्या वसई तालुक्यात वेठबिगार होतेच. कायदा वरून आला होता. तो पाड्यावर उतरायला माणसांनी जमावं लागलं, घोषणा द्याव्या लागल्या, मार खावा लागला, आणि नेमकं तेच करायला आणीबाणीत बंदी होती. हुकूमशहाचं दान घेणाऱ्याला ते वापरता येत नाही, कारण वापरायला जी मोकळीक लागते ती दानात नसते.

1999 साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलनं पंडित दांपत्याला पुरस्कार दिला. ही संस्था 1839 पासूनची, गुलामीविरुद्ध इतकी वर्षं चिकाटीनं लढणारी. लंडनच्या त्या कचेरीला आमच्या तालुक्यातल्या उसगाव डोंगरीशी काय घेणं होतं? ज्या ब्रिटनची जहाजं कधीकाळी गुलाम वाहायची, तिथल्याच माणसांनी ती संस्था काढली. तेही देणंच फेडत होते, असं म्हणायला हरकत नाही.

त्या बाईला मी इतकंच म्हणू शकले की सावकाराचं कर्ज आणि हे ऋण यांत वहीचा फरक आहे. तिथे वही सावकाराकडे होती, इथे वहीच नाही. कुणी मागायला येत नाही, आपणच ओळखायचं. तिला ते पटलं की माझं मन राखायला ती मान हलवत होती, कळलं नाही.

खरी अडचण पुढची आहे. ज्याच्यासाठी बोलायचं तो आपल्याला आवडणारा असेलच असं नाही. अ‍ॅम्नेस्टी ही संस्था सदसद्विवेकापायी कैदेत पडलेल्या माणसांसाठी जगभरातून पत्रं लिहवून घेते. 1964 साली त्यांच्यात नेल्सन मंडेलांवरून वाद झाला, आणि मंडेलांनी हिंसेचा मार्ग धरला म्हणून त्यांना अशा कैद्यांच्या यादीत धरायचं नाही असं ठरलं. रानड्यांच्या हातातही बंदूक होती, म्हणजे तेही त्या यादीत बसले नसते. मला तो नियम समजतो. मी गांधींना मानणारी आहे. तरी वाटतं, विचार न पटणाऱ्याच्याही छळाविरुद्ध बोलता आलं नाही तर ते ऋण कसलं, ती फक्त आपल्या पंगतीतल्यांना वाढण्याची रीत झाली. पोपना रानड्यांची बंदूक पटली असेल का?

शेवटी त्या सुनेनं भावाच्या मदतीनं म्यानमारच्या एका तुरुंगातल्या कवीसाठी पत्र लिहायचं ठरवलं. असलं पत्र कैद्याला न लिहिता त्याला कोंडणाऱ्याला लिहायचं आणि भाषा नम्र ठेवायची, हे मी सांगितलं. मसुदा मराठीत होणार, भाऊ इंग्रजी करणार. मजकूर पाच मिनिटांत झाला: माणूस आजारी आहे, त्याला औषध द्या, घरच्यांना भेटू द्या, सोडा. घोडं अडलं ते अगदी पहिल्या ओळीवर. त्या लष्करशहाला ‘माननीय’ लिहायचं का? दोघी-तिघी म्हणाल्या, लिहा, आपल्याला माणूस सोडवायचा आहे. वारली बाई म्हणाली, “मी अंगठा देन, पन त्याला माननीय नाय म्हननार.” काका तिथेच होते. ते म्हणाले, महापालिकेला पाण्यासाठी अर्ज केला तेव्हा आपण माननीयच लिहिलं होतं, आणि पाणी आलं नाही.