यरीहोच्या वाटेवरचे दोघे

यरीहो नगराबाहेर रस्त्याच्या कडेला भीक मागत बसलेल्या बार्तिमयाची कथा संत मार्काच्या शुभवर्तमानातून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. लोकांनी त्याला गप्प बसवण्याचा प्रयत्न केला, तो अधिकच मोठ्याने हाका मारू लागला, येशूने त्याला जवळ बोलावले आणि त्याला दृष्टी लाभली, एवढे कथानक आपल्या स्मरणात राहते. मधला एक प्रसंग मात्र सहज निसटून जातो. आंधळा मनुष्य समोर उभा आहे. त्याला काय हवे असणार, हे लहान मुलालाही सांगता यावे. तरीही येशू त्याला बरे करण्यापूर्वी त्याची इच्छा काय आहे, याची चौकशी करतो.

ज्याला अंतःकरणातले सारे कळते, त्याने हा प्रश्न का विचारावा? बार्तिमयाच्या मुखातून त्याची श्रद्धा प्रकट व्हावी म्हणून, असे उत्तर आम्ही प्रवचनांतून ऐकले होते आणि ते आम्हांला पुरेसे वाटत होते. या प्रश्नाचा दुसरा अर्थ आमच्या ध्यानात आला तो मात्र एका साध्या कामाच्या निमित्ताने.

'रेटिनायटिस पिगमेंटोसा' हा डोळ्यांचा आनुवंशिक विकार असलेल्या व्यक्तींसाठी शनिवार-रविवारचे एक स्नेहसंमेलन भरवावे, असे आमच्या धर्मग्रामातील काही मंडळींच्या मनात आले. जगात सुमारे चार हजार माणसांमागे एकाला होणाऱ्या या विकाराला आपल्याकडे सरसकट रातांधळेपणा म्हणतात. परंतु 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रातांधळेपणा निराळा आणि हा निराळा. यात डोळ्याच्या पडद्यावरील, अंधुक प्रकाशात पाहण्याचे काम करणाऱ्या दंडपेशी प्रथम निकामी होऊ लागतात. सायंकाळ झाली की दिसेनासे होते, मग दृष्टीचे क्षेत्र कडांकडून आक्रसत जाते आणि बऱ्याच जणांना पुढे नळीतून पाहावे तेवढाच समोरचा तुकडा दिसतो. हे सारे घडायला कधी दहा वर्षे लागतात, कधी चाळीस.

या आजाराचे दुःख केवळ डोळ्यांचे नसते. समोरची बारीक अक्षरे वाचणारा मनुष्य पायाशी ठेवलेल्या बादलीला अडखळतो. संध्याकाळी कुंपणाला धडकतो, तेव्हा लोक त्याने घेतली असावी असे समजतात. कोणी नमस्कारासाठी हात पुढे करतो, तो हात त्याच्या दृष्टीच्या नळीत येत नाही आणि त्याला गर्विष्ठ ठरवले जाते. सन 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दृष्टीचे क्षेत्र दहा अंशांहून कमी असेल तर ती व्यक्ती अंध गणली जाते, मग समोरचे तिला कितीही स्पष्ट दिसो. असा मनुष्य पांढरी काठी घेऊन बसमध्ये चढला आणि आसनावर बसून वर्तमानपत्र वाचू लागला, तर शेजारचे प्रवासी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. परिणामी हे लोक हळूहळू घरी बसू लागतात. रात्रीचे लग्नसमारंभ सुटतात, क्रूसाजवळची सायंकाळची रोझरी सुटते, नाताळचा मध्यरात्रीचा मिस्साही सुटतो.

अशा मंडळींना दोन दिवस एकत्र आणावे, या हेतूत वावगे काही नव्हते. आम्ही सातजण योजना आखण्यास बसलो. सातांपैकी एकालाही हा विकार नव्हता, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नाही. पहिल्या दोन बैठकांत सारे ठरले. समुद्रालगतचे एक साधनागृह ठरले. नेत्रतज्ज्ञांचे व्याख्यान, शनिवारी सूर्यास्तानंतर अंगणात शेकोटीभोवती गाणी, रविवारी सकाळी सर्वांवर आरोग्यदानाची प्रार्थना. गीतांची पुस्तिका खूप मोठ्या अक्षरांत छापायची. प्रत्येक पाहुण्याबरोबर त्याचा हात धरून चालणारा एक स्वयंसेवक द्यायचा. आणखी एक निर्णय आम्ही फार विचारपूर्वक घेतला, असे आम्हांला वाटले: वीस वर्षांखालील मुलांना बोलवायचे नाही. आज दिवसा क्रिकेट खेळणाऱ्या मुलाने पन्नाशीच्या, जवळजवळ काहीच न दिसणाऱ्या माणसाला पाहिले, तर त्याला स्वतःचे भविष्य दिसेल आणि तो खचून जाईल. त्याच्यावर दया म्हणून हे करायचे.

तिसऱ्या बैठकीला आमच्यातील एकाचे मामा आले. ते निवृत्त शिक्षक. गेली तीस वर्षे हा विकार सोबत घेऊन जगणारे. त्यांनी सगळी योजना शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "हे सारे छानच आहे. फक्त एक सांगा, आमच्यापैकी कोणाला विचारलेत का?"

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. दृष्टीचे क्षेत्र अरुंद असलेल्याला फार मोठी अक्षरे निरुपयोगी ठरतात. एका वेळी दोनच अक्षरे दृष्टीत मावतात आणि शब्द जुळत नाही. त्याला बेताचा टाइप, ठळक काळा रंग आणि चांगला उजेड हवा. शेकोटीच्या झगझगाटात आणि भोवतालच्या अंधारात त्याला काहीच दिसत नाही, म्हणजे आम्ही संमेलनाचा मुख्य आनंद नेमका त्याच्या अंधळ्या वेळेवर नेऊन ठेवला होता. हात धरून ओढत नेलेले त्याला आवडत नाही. आपला कोपर त्याच्या हाती द्यावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा हवा. दार पूर्ण उघडे असावे किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघडे दार हा त्याचा मोठा शत्रू. वाटेत स्टूल, बादल्या नकोत. बोलण्याआधी आपले नाव सांगावे आणि उठून जाताना, जातो म्हणून सांगावे, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

आम्ही ओशाळलो. या गोष्टी कोणत्या ग्रंथात दडलेल्या नव्हत्या. एका प्रश्नाच्या अंतरावर होत्या. मग आम्ही तो प्रश्न का विचारला नाही? आमच्या ठायी प्रेम नव्हते असे नाही. प्रामाणिकपणे शोध घेतला तेव्हा जाणवले ते असे. न विचारता दिलेले दान हे पूर्णपणे आपले असते. त्याचा आकार, त्याची वेळ, त्याचे समाधान, सारे आपल्या मालकीचे. विचारले की उत्तर येते आणि उत्तर आपल्याला बांधून टाकते. ज्याला विचारले तो पाहुणा न राहता यजमान होऊ लागतो. आपल्याला हवी असते ती सेवा करण्याची धन्यता. ती धन्यता हातची जाऊ नये म्हणूनच आपण तोंड मिटून सेवा करतो.

येथे कोणी म्हणेल की, दयाळू शोमरोनी माणसाने कोठे विचारले होते? त्याने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेले. आक्षेप योग्य आहे. परंतु तो जखमी अर्धमेला पडलेला होता. त्याला विचारण्यात वेळ घालवणे हेच निर्दयपणाचे ठरले असते. येरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर तो पडलेला होता आणि बार्तिमय त्याच यरीहोबाहेर बसलेला होता. प्रभूच्या शिकवणुकीत या दोघांना दोन निराळ्या रीतींनी वागवले गेले आहे. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी न विचारता धावून जावे. ज्याला बोलता येते, त्याच्यापुढे थांबावे आणि विचारावे. आमची चूक अशी की, डोळे अधू झालेल्या प्रत्येक माणसाला आम्ही वाटेवरचा अर्धमेला समजत आलो.

एवढे उमगल्यावरही वीस वर्षांखालील मुलांचा प्रश्न सुटेना. गुरुजींचे म्हणणे एकच, त्यांनाही विचारा. पण येथे विचारणे म्हणजेच सांगणे होते. "पुढे तुझी स्थिती अशी होऊ शकेल, तशी माणसे तुला भेटायला हवीत का?" या प्रश्नाच्या पोटातच ते कटू उत्तर होते. मनुष्याला जसा जाणण्याचा हक्क आहे, तसा न जाणण्याचाही असावा, असे आमच्यातील काहींचे मत पडले आणि ते मत टाकाऊ नव्हते.

आम्ही प्रथम एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आईला भेटलो. तिने हात जोडून विनवले, त्याला बोलावू नका. बोलता बोलता खरे कारण बाहेर आले. हा आजार आपल्या रक्तातून मुलात गेला, हे ओझे ती एकटी वाहत होती. या विकाराचे अनेक प्रकार आहेत. काहींत आईवडील दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडे एकेक सदोष जनुक असतो आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. काहींत तो सदोष जनुक आईकडून मुलाकडे येतो. यात कोणाची निवड नसते, कोणाचा अपराध नसतो. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप त्याचे की आईबापांचे, असे विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले, हे संत योहानाने लिहून ठेवले आहे. ही माउली दर रविवारी मिस्साला येणारी. तरी ते उत्तर तिच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. आपण मुलाला वाचवत आहोत असे तिला वाटत होते. वस्तुतः मुलाच्या तोंडून तो आरोप ऐकावा लागेल, ही भीती ती टाळत होती. आणि आम्हीही मुलांच्या नावाखाली स्वतःचीच अस्वस्थता टाळत नव्हतो का?

अखेर तिच्या संमतीने आणि तिच्यासमोरच आम्ही मुलाशी बोललो. तो म्हणाला, "मला काय होणार आहे ते तीन वर्षांपासून ठाऊक आहे. मम्मीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पण तसे झाल्यावर माणूस सकाळी उठून करतो काय, हे मला कोणी सांगितलेले नाही." आम्ही ज्या दर्शनापासून त्याला वाचवणार होतो, नेमके तेच त्याला हवे होते. मायलेक एकाच घरात एकमेकांना जपण्यासाठी तीन वर्षे गप्प होते.

येथे लेख संपवला असता तर आमचे तत्त्व जिंकले असे वाटले असते. तसे झाले नाही. दुसऱ्या घरी एका सतरा वर्षांच्या मुलीने आमचे सारे ऐकून घेतले आणि, मला यायचे नाही, असे स्पष्ट सांगितले. तिला आणखी काही काळ या विषयापासून दूर राहायचे होते. परतताना आम्ही तिची समजूत कशी घालावी याचीच चर्चा करू लागलो आणि मध्येच थबकलो. नकार ऐकण्याची तयारी नसेल, तर जे विचारले तो प्रश्न नव्हता, ती आज्ञाच होती. आम्ही पुन्हा तिच्याकडे गेलो नाही. आमचा पत्ता मात्र तिच्याकडे आहे.

संमेलन झाले. गाण्यांची मैफल दुपारी चारला भरली. नेत्रतज्ज्ञांनी सत्य आणि आशा यांची गल्लत होऊ दिली नाही. सन 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकोपचार पद्धती एकाच विशिष्ट जनुकातील दोषासाठी आहे, बहुसंख्य रुग्णांची गेलेली दृष्टी परत आणणारा उपचार अद्याप नाही. तरीही यासोबत होणारा मोतीबिंदू किंवा पडद्याची सूज यांवर उपचार करता येतात, म्हणून तपासणी सोडू नये, असे त्यांनी सांगितले. आरोग्यदानाच्या प्रार्थनेविषयीही आम्ही प्रत्येकाला विचारले होते. काहींना ती मनापासून हवी होती. काहींनी सांगितले की, अशा प्रार्थनेनंतर सर्वांच्या नजरा आपल्यावर खिळतात आणि काही बदलले नाही की आपली श्रद्धा उणी ठरते. ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी फादरांनी प्रार्थनामंदिरात प्रार्थना केली. इतर मंडळी बाहेर झाडाखाली गप्पा मारत बसली. कोणी कोणाला उणे लेखले नाही.

परतीच्या वेळी, कसे झाले म्हणून आम्ही पुसले, तर जो तो म्हणाला, "फार छान." गुरुजी तेवढे हसले. उपकाराच्या भाराखाली वाकलेला मनुष्य खरे सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आम्हांला बेथसैदा येथील आंधळा आठवला. येशूने त्याच्यावर हात ठेवले आणि काही दिसते का, असे विचारले. त्या माणसाने भिडेखातर होकार भरला नाही. माणसे दिसतात, पण झाडांसारखी, चालती, असे त्याने प्रांजळपणे सांगितले आणि येशूने त्याच्यावर पुन्हा हात ठेवले. प्रत्यक्ष प्रभूने जर अर्धे काम झाल्यावर थांबून विचारले आणि अपुरे असल्याचे उत्तर ऐकून घेतले, तर आपण एकदाच विचारून मोकळे कसे होणार?

पुढील संमेलनाच्या तयारीला आम्ही लागलो आहोत. समितीत आता सातांपैकी चारजण स्वतः हा विकार असलेले आहेत. बैठकीचे अध्यक्षपद गुरुजींकडे आहे आणि तो एकोणीस वर्षांचा मुलगा कार्यक्रमपत्रिका करतो. आमच्याकडे पायऱ्यांना पट्टे मारणे, वाटेतील बादल्या उचलणे आणि चहा देणे ही कामे आली आहेत. प्रारंभी हे थोडे जड गेले, हे कबूल केले पाहिजे. चहाचा कप पुढे करताना आम्ही आपले नाव सांगतो, साखर किती हवी ते विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.