पर्वत हाही गुरू



श्रीदत्तप्रभूंच्या चिंतनात चोवीस गुरूंची कथा आपण पुष्कळदा ऐकतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत ती यदुराजास सांगतो, आणि त्याच स्कंधावर श्रीएकनाथ महाराजांनी आपली ओवीबद्ध टीका १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केली. त्या चोवीसांत पहिला गुरू पृथ्वी. आणि पृथ्वीचेच अंग म्हणून पर्वत व वृक्ष यांजकडूनही अवधूताने पाठ घेतला. पर्वतापासून तो काय शिकला? उंच व्हावे, हे नव्हे. आपले जे जे आहे ते दुसऱ्यासाठी असावे, हे शिकला. पर्वतावर पडलेला पाऊस पर्वतापाशी राहत नाही. तो खालच्या शेतास मिळतो.

हा पाठ आज सांगण्याचे कारण असे, की यात्रेचे दिवस जवळ आले म्हणजे आपल्या सभासद कुटुंबांत गिरनारचा विषय निघतो. बेळगाव-निपाणीकडील दत्तभक्तास नृसिंहवाडी व औदुंबर ही घरचीच स्थाने. गाणगापूरही दूर नव्हे. परंतु गिरनार हे देहाची परीक्षा पाहणारे स्थान आहे. बेळगाव नगर स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर वसलेले. म्हणून येळ्ळूरच्या राजहंसगडाची किंवा निपाणीजवळील आडीच्या डोंगराची चढण आपणांस फारशी जाणवत नाही. जुनागढ मात्र सखल प्रदेशात आहे, आणि गिरनारचे गोरखनाथ शिखर सुमारे अकराशे मीटर उंच, म्हणजे साऱ्या गुजरात राज्यात सर्वांत उंच. पायथ्यापासून दत्तपादुकांपर्यंत सुमारे दहा हजार पायऱ्या आहेत. आणि जितक्या जाण्याच्या तितक्याच येण्याच्या. पुष्कळ यात्रेकरू मध्यरात्रीनंतर चढू लागतात आणि दिवस कलता कलता पायथ्याशी येतात.

या वाटेची रचना नीट ध्यानी घेण्यासारखी आहे. प्रथम नेमिनाथ तीर्थंकरांची जैन मंदिरे लागतात. आपल्या स्तवनिधीस येणाऱ्या जैन बांधवांसही हा पर्वत तितकाच पूज्य आहे. मग सुमारे पाच हजार पायऱ्यांवर अंबामातेचे शिखर येते. यात्रेकरूस वाटते, आलोच. परंतु पुढे गोरखनाथ दिसतो. तेथे जावयाचे तर आधी थोडे उतरावे लागते. गोरखनाथावर पोचावे, तो दत्तशिखर समोर सुळक्यासारखे उभे. आणि मध्ये पुन्हा खोल उतरण. कष्टाने मिळविलेली उंची स्वतःच्या पायांनी खर्च केल्यावाचून पुढचे शिखर मिळत नाही. दर्शन घेऊन परतताना तोच गोरखनाथ पुन्हा चढावा लागतो. तेव्हा पाय थरथरतात, आणि पायऱ्या मोजण्याचा अभिमान आपोआप गळून पडतो.

आमच्या घरी वडिलांकडे पौरोहित्य आहे. यात्रेचा दिवस पाहून घेण्यास येणारी मंडळी हल्ली आणखी एक प्रश्न विचारतात. २४ ऑक्टोबर २०२० पासून गिरनारास रोपवे सुरू झाला आहे आणि तो अंबाजीपर्यंत नेतो. त्यातून गेल्यास पुण्य उणे होते काय? डोलीत बसल्यास दोष लागतो काय? कोणी श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामींचा दाखला देतात. घाटाखालच्या माणगावी १८५४ साली जन्मलेले हे थोर यती आसेतुहिमाचल पायीच फिरले आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. मग आपण वाहन का घ्यावे, असा त्यांचा आक्षेप.

आम्हांस नम्रपणे असे वाटते, की संन्याशाने स्वतःस घालून घेतलेला नियम हा दुसऱ्याच्या आजीस मोजण्याची मोजपट्टी नव्हे. व्रत हे स्वतःवर कठोर आणि इतरांवर मृदू असावे. शिवाय ज्या पायऱ्यांचा आपण अभिमान बाळगतो, त्या तरी आपण कोठे घडविल्या? सध्याचा पायरीमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉटरी काढून जमविलेल्या पैशांतून बांधू लागले. ज्यांच्या खांद्यावर धोंडे गेले त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. दुसऱ्याच्या श्रमावर पाय ठेवूनच आपण 'पायी' जातो. डोलीवाला तर आजही दुसऱ्याचा देह वाहून तोच पर्वत चढतो. त्याच्याशी भाड्याची घासाघीस करून मग दत्तापुढे हात जोडणे शोभत नाही.

मागील हिवाळ्यात आपल्याकडील काही मंडळींसह आम्ही गिरनारास गेलो होतो. त्यांत निपाणीकडील एक तरुण होता. तीन महिने दर रविवारी आडीचा डोंगर चढून त्याने तयारी केली होती. सर्वांच्या आधी दत्तशिखर गाठण्याची त्याची उमेद होती. अंबाजीपाशी पहाटेच्या अंधारात त्याच्याच गल्लीतील एका वृद्ध आजींचे गुडघे धरले. त्या त्याच्या नात्याच्या नव्हेत. थंड वारा सुटला होता, रोपवे सुरू होण्यास अवकाश होता, आणि त्यांना एकटे ठेवणे शक्य नव्हते. तो म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा." आपली घोंगडी त्याने आजींच्या पायांवर घातली आणि तो तेथेच बसला. सकाळी रोपवेने त्यांना खाली घेऊन गेला. दर्शन घेऊन, कमंडलू कुंडावरील धुनीची विभूती घेऊन आम्ही दुपारी उतरलो, तेव्हा कोणीतरी हळहळले. आजी म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांनी त्याच्या पाच हजार पायऱ्या खाल्ल्या. पुढच्या साली मी घरी बसते, ह्याला धाडा. तिकिटाचे पैसे माझे."

सज्जनहो, यात कोणाचे काय बुडाले? तरुणाने मिळविलेली उंची एका म्हातारीसाठी खर्च केली. आणि आजींनी पुढच्या साली स्वतःची यात्रा त्याच्यासाठी सोडण्याची तयारी दाखविली. पर्वताने अवधूतास शिकविले ते दोघांनीही पर्वत पुरा न चढताच आचरले. पादुकांपर्यंत जाऊन आलेल्या आम्हा इतरांस मात्र हा पाठ खाली उतरल्यावर मिळाला.

यंदा ज्या कुटुंबांतून मंडळी निघतील, त्यांनी तीन गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवाव्यात. प्रत्येक वृद्धाबरोबर एक धडधाकट सोबती नेमावा, आणि गरज पडल्यास तो मागे राहील हे आधीच बोलून ठेवावे. वाटेत ठरवू म्हटले की प्रत्येकाचे डोळे शिखराकडे लागलेले असतात. ज्यांस हृदयाचा अथवा दम्याचा विकार आहे, त्यांनी वैद्यांस विचारल्यावाचून पायरीस पाय लावू नये. आणि परतल्यावर 'किती तासांत चढलात?' असे विचारण्याऐवजी 'कोणास हात दिलात?' असे विचारावे.

ज्यांस गिरनार घडणार नाही त्यांनी खंत करू नये. पाठ देणारा पर्वत प्रत्येकाच्या घरी आहे. कोणाकडे अंथरुणास खिळलेले वडील, कोणाकडे विधवा बहीण, कोणाकडे कर्जात बुडालेला भाऊ. ती चढणही एका शिखरावर संपत नाही. एक ओलांडावे तो दुसरे उभे राहते. तेथे आपली उंची हसतमुखाने खर्च करण्याचे बळ श्रीगुरूंनी आपणां सर्वांस द्यावे, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥