दिवाळीआधीची झोप

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 16 आणि 17

दिवाळी दोन आठवड्यांवर आली. ऑफिसच्या डेडलाइन, साफसफाई, फराळ, गावचं तिकीट. आणि या गडबडीत आपण सगळ्यात आधी कमी करतो ती झोप. जरा आडवं झालं की मनात येतंच, घरात एवढं काम पडलेलं असताना आराम करणं हा स्वार्थ नाही का?

ध्यान शिकवता शिकवता भगवंत इथे जेवणाझोपेचं बोलतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. सारखं झोपणाऱ्याला नाही, जागत बसणाऱ्यालाही नाही. मग आहार, विहार, काम, झोप, जागणं, या सगळ्यांना एकच शब्द लावतात: युक्त. म्हणजे बेताचं.

म्हणून वेळेवर झोपणं हीसुद्धा साधनाच. पण माझी विश्रांती आईच्या जागरणावर उभी असेल, तर ती युक्त कशी? तिने रात्री बारापर्यंत चकल्या तळायच्या आणि आपण 'सेल्फ-केअर' करायची, हे काही गीतेला धरून नाही.

आजचा संकल्प: सोऱ्या आपण हातात घ्यायचा, एखादा पदार्थ विकत आणायचा, आणि अकराला घरातले सगळेच लाइट बंद.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥