नऊ स्टॉपचा उजेड

जयपूरच्या जंतरमंतरात सम्राट यंत्राची सावली नुसत्या डोळ्यांनी चालताना दिसते. सत्तावीस मीटर उंचीची ती तिरकी भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना वर चढत गेलेल्या कमानदार पट्ट्या. ऊन स्वच्छ असेल तर सावलीची कड पट्टीवरून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला सहा सेंटिमीटर. चित्रीकरणाच्या भाषेत सांगायचं तर पहिला टेक झाला, चहा झाला, नटाला पुन्हा समजावून झालं आणि पाऊण तासाने दुसरा टेक लावला, तोवर ती कड अडीच मीटरांच्या पुढे गेलेली असते. साध्या झरोक्याची सावली एवढी धावत नाही, पण सूर्य तिच्यासाठीही तासाला पंधरा अंशच सरकतो. कॅमेरा शिकणाऱ्या मुलांना मी आधी इथे तासभर उभं करीन आणि मग रेंटलवाल्याच्या दुकानात नेईन.

अठराव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात सवाई जयसिंहांनी ही यंत्रं उभारली तेव्हा युरोपात दुर्बीण येऊन शतक उलटून गेलं होतं, आणि त्यांना ते माहीत होतं. पितळी यंत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता: आकार लहान, आस झिजते, यंत्र हलतं. म्हणून दगड आणि चुना. दुर्बिणीच्या काळात दगडाकडे वळल्याबद्दल इतिहासकार त्यांना नावं ठेवतात, आणि खगोलशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरही असेल. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. काय मोजायचं आणि कशाने मोजायचं, हे त्यांनी एकाच बैठकीत ठरवलं. स्वतंत्र सिनेमावाला नेमकं हेच करत नाही. तो पटकथा लिहितो, सहा वेळा सुधारतो, पैसे जमवतो आणि अगदी शेवटी, शूटिंगला पंधरा दिवस उरले असताना, कॅमेऱ्याची यादी करायला बसतो. लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या कुणाचा तरी सिनेमा असतो. त्यामुळे यादीही दुसऱ्या कुणाची तरी असते, फक्त एक पायरी स्वस्त.

ती यादी आता पाठ झाली आहे. फुल फ्रेम सेन्सर, एफ १.४ पर्यंत उघडणाऱ्या लेन्स, गिंबल, ड्रोन. कॅमेऱ्याचं कौतुक कशाचं, तर तो अंधारात बघतो याचं. आता हा कॅमेरा जयपूरला, मे महिन्यात, दुपारी एक वाजता सूरजपोलच्या बाजारात उभा करा. भर उन्हाचा जुना हिशेब असा की फिल्मचा वेग जेवढा, सेकंदाच्या तेवढ्याव्या भागाचा शटर आणि एफ १६. आजच्या बहुतेक सिनेकॅमेऱ्यांचा मूळ आयएसओ ८०० च्या आसपास असतो, म्हणजे १/८०० सेकंद, एफ १६. पण हालचाल नीट दिसायची तर शटर १/५० वर ठेवावा लागतो. तिथे चार स्टॉप उजेड जास्त झाला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). नायिकेमागचा बाजार धूसर करायचा म्हणून लेन्स एफ २.८ ला उघडली की आणखी पाच. एकूण नऊ स्टॉप. याचा सरळ अर्थ, आलेल्या उजेडाचा पाचशेबारावा भाग आत घ्यायचा आणि बाकीचा काळ्या काचेने, म्हणजे एनडी फिल्टरने, बाहेरच अडवायचा. स्वस्तातला व्हेरिएबल एनडी एवढा गडद केला की चित्रावर काळसर फुली उमटते आणि चेहऱ्यांचा रंग जातो. चांगल्या एनडीचा संच, मॅट बॉक्स, तो सांभाळणारा सहायक यांचे पैसे वेगळे. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्याचं भाडं भरायचं आणि मग त्याला आंधळा करण्याचंही भाडं भरायचं, असा हा व्यवहार आहे.

याच्या शेजारी १९७० च्या आसपासची मंद रंगीत फिल्म ठेवून पाहा. तिचा वेग २५ एएसए. त्याच दुपारी, त्याच बाजारात, २४ फ्रेमच्या गतीला ती कसलाही फिल्टर न लावता एफ ११ वर बसते. एफ ११ वर १६ मिलिमीटरच्या छोट्या चौकटीत हाताच्या अंतरावरच्या पगडीपासून टोकाच्या वेशीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोकस पुलरची गरज जवळजवळ संपते. म्हणजे त्या फिल्मचा जो दोष, मंदपणा, तो या मुलखात गुण ठरत होता. कॅमेऱ्याचे गुणदोष कॅटलॉगात ठरत नाहीत, ते गावागावाला बदलतात. कोकणात श्रावणात शूटिंग करणाऱ्याला अंधारात बघणारा कॅमेरा हवाच. राजस्थानात त्याने आधी विचारावं की मला नक्की काय धूसर करायचं आहे, आणि का.

मणी कौल यांनी हे विचारलं होतं, असं त्यांचे सिनेमे सांगतात. जन्म जोधपूरचा, पदवी जयपूरच्या राजस्थान विद्यापीठाची, सिनेमाचं शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली. पहिल्याच ‘उसकी रोटी’मध्ये (१९६९) त्यांनी आणि कॅमेरामन के. के. महाजन यांनी मुळात दोनच लेन्स घेऊन काम केलं. एक वाइड, एक टेली. सुरुवातीला एक लेन्स वाट बघणाऱ्या बाईच्या प्रत्यक्षाची, दुसरी तिच्या मनातल्याची. सिनेमा पुढे सरकतो तशी दोघींची अदलाबदल होत जाते. हा निर्णय सेटवर घेता येण्यासारखा नाही. लेन्स इथे पटकथेतलं पात्र झाली आहे.

मग १९७३ चा ‘दुविधा’. विजयदान देथांची कथा, चित्रीकरण देथांच्याच गावी, बोरुंद्यात. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत चित्रकार आणि सिनेमावाल्यांसाठी एक कार्यशाळा चालवली होती. त्या गोटाच्या मदतीने हा सिनेमा झाला. नायिका पदमसींची मुलगी रायसा. कॅमेऱ्यावर स्थिरचित्रणातून आलेले नवरोज कॉन्ट्रॅक्टर. फिल्म १६ मिलिमीटर, नंतर ३५ वर मोठी केलेली. सोळाच्या शंभर फुटी रिळात पावणेतीन मिनिटं मावतात, हा आकडा डोक्यात ठेवून ‘दुविधा’ पाहिला की बरंच काही उलगडतं. पांढरी भिंत, पांढरी पगडी, त्यात लाल ओढणीची एक रेघ. मधूनच चित्र गोठतं आणि निवेदकाचा आवाज पुढे चालत राहतो. ओठ आणि शब्द एकमेकांना बांधलेले नाहीत. भूत दाखवायला कसलीही करामत नाही: व्यापारी नवरा परगावी गेला, त्याचं रूप घेऊन भूत घरात आलं, हे आपल्याला सांगितलं जातं आणि आपण मान्य करतो. लोककथा सांगणारा तरी दुसरं काय करतो? साधन अपुरं होतं म्हणून गोठलेली चौकट वापरली, की लोककथेला तीच चौकट हवी होती, हे आता वेगळं काढता येत नाही. येऊ नये हेच त्या कामाचं यश. त्या वर्षीचा दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार कौल यांना मिळाला.

बत्तीस वर्षांनी हीच कथा अमोल पालेकरांनी केली. ‘पहेली’ (२००५): शाहरुख खान, राणी मुखर्जी, रवी के. चंद्रन यांचा कॅमेरा, संगणकावर हलवलेल्या कठपुतळ्यांना नसीरुद्दीन आणि रत्ना पाठक शाह यांचे आवाज. जयपूरला लागूनच असलेल्या टोंक जिल्ह्यात टोडारायसिंहची हाडी राणीची बावडी आहे. तिच्या पायऱ्यांवर यातला प्रसंग घडतो. आता ‘दुविधा’ खरा आणि ‘पहेली’ खोटा असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि आमच्याकडच्या फिल्म सोसायटीत तसं म्हटलंही जातं. मला ते पटत नाही. पालेकरांकडे जे होतं, तारे, क्रेन, रंग, गाणी, त्याला साजेसा त्यांनी कथेचा शेवटही बदलला. कथेत भूत मेंढपाळाच्या युक्तीने पखालीत अडकतं. ‘पहेली’त ते नवऱ्याच्या शरीरात शिरून परत येतं. एवढा झगमगाट उभा केल्यावर बाईला पुन्हा रुक्ष नवऱ्याच्या हवाली करणं प्रेक्षकाने सोसलं नसतं. म्हणजे साधनांचा परिणाम थेट कथानकावर झाला. दोघांनीही आपापल्या सामानाला शोभेल असा सिनेमा केला. फसतो तो तिसरा, जो पालेकरांची चौकट डोक्यात ठेवून कौलांच्या पैशांत निघतो.

यातला गैरसमज टाळायला हवा. टंचाई ही काही साधना नव्हे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास दामल्यांच्या मदतीने स्वतः कॅमेरा घडवला, त्याला आज आपण स्वावलंबनाचा पुतळा करून ठेवलंय. विकत घेण्यासारखा कॅमेरा हाताशी असता तर त्यांनी तो घेतला असता आणि ते दोन वर्षं आधी ‘सैरंध्री’ला लागले असते, असं मला वाटतं. ‘दुविधा’ही सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत पोचला नाही, आणि त्याचं कारण नुसती प्रेक्षकाची अभिरुची नव्हे, तो दाखवायला थिएटर नव्हतं. कमी सामानाचं कौतुक करणारे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कमी सामानाचं करतात.

पैसा असला म्हणून साधनाची अट सुटते असंही नाही. जयपूरचेच महाराजा सवाई रामसिंह दुसरे हे हौशी आणि पक्के छायाचित्रकार होते. १८६० च्या दशकात ओल्या कोलोडियनच्या काचा वापरणं म्हणजे काच माखायची, कॅमेऱ्यात घालायची आणि दहा-पंधरा मिनिटांत, लेप वाळायच्या आत, अंधारखोलीत धुवायची. लेपाला निळा उजेड लवकर दिसे, तांबडा जवळजवळ नाहीच. गेरूचा रंग त्यावर काळवंडून येणार हे ठरलेलं. महाराज मनात आणतील ते विकत घेऊ शकत होते, तरी अंधारखोलीपासून लांब जाणं अवघड होतं. मग माणसं त्यांच्याकडे आली: रंगवलेला पडदा, खाली गालिचा, आणि समोर जनान्यातल्या बायका, कॅमेऱ्याकडे थेट बघणाऱ्या. सेकंद-दोन सेकंद स्तब्ध बसावं लागे, म्हणून त्या चेहऱ्यांवर ते गांभीर्य. पडद्यातल्या बायकांची ही चित्रं सिटी पॅलेसच्या संग्रहालयाचं धन आहेत.

आजचा युक्तिवाद फोनपाशी येऊन थांबतो. शॉन बेकरने ‘टँजेरीन’ (२०१५) आयफोन फाइव्ह-एसवर केला, मग आपण का नाही, असं दर कार्यशाळेत कुणीतरी विचारतं. करावा, जरूर करावा. पण त्या फोनवर अ‍ॅनामॉर्फिक भिंग चढवलेलं होतं आणि आवाज फोनने नव्हे, व्यावसायिक माइकने स्वतंत्र घेतला होता, हे कुणी सांगत नाही. आणि त्याच बेकरने ‘अनोरा’ ३५ मिलिमीटर फिल्मवर केला आणि २०२४ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार नेला. फोनचा प्रचारक म्हणून त्याला मिरवणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर माझी खरी तक्रार तिथेच आहे. जयपूरच्या तटबंदीच्या आत संवाद रेकॉर्ड करणं हे चित्र घेण्यापेक्षा कितीतरी कठीण. ठठेरों का रास्ता या गल्लीत तांब्या-पितळेवर हातोडी पडत असते. बाहेरच्या रस्त्यावर ई-रिक्षांचे हॉर्न, देवळाचा लाउडस्पीकर, एकदम उडालेली कबुतरं. लोक हल्ली सांगतात, बत्तीस बिट फ्लोटचा रेकॉर्डर घ्या, आवाज फाटत नाही. खरं आहे, फाटत नाही. पण हातोडी आणि बोलणं तो वेगळं करून देत नाही. त्यासाठी माइक तोंडाच्या वीतभर जवळ न्यावा लागतो, म्हणजे चौकट घट्ट करावी लागते किंवा कॉलर माइक ओढणीखाली लपवावा लागतो, आणि घागरा-ओढणीचा खसखसाट हा त्यातला दुसरा शत्रू. बूम धरणारा तरबेज माणूस ही यादीतली सगळ्यात स्वस्त चैन आहे, आणि बजेट कापताना पहिली कात्री त्याच्यावर. वर पुन्हा ‘डबिंगमध्ये बघू’. डबिंगमध्ये मारवाडी किंवा ढुंढाडी बोलणारा गावचा नट मुंबईच्या काचेच्या खोलीत उभा राहतो आणि त्याची बोली तिथे सापडत नाही.

बूमवाल्यावर वाचवलेला पैसा कुठे जातो तेही बघण्यासारखं. नेटफ्लिक्सची मान्य कॅमेऱ्यांची एक यादी आहे, आणि त्यांनी स्वतः करवून घेतलेल्या कथापटाचा नव्वद टक्के भाग त्यातल्याच कॅमेऱ्यांवर हवा, असा नियम आहे. तयार सिनेमा विकत घेताना तो लागू नाही. तरीही ज्याच्याशी नेटफ्लिक्सचा दूरान्वयानेही संबंध आलेला नाही असा पहिलटकर दिग्दर्शक ‘असू दे, पुढे अडचण नको’ म्हणून त्या यादीतलाच कॅमेरा भाड्याने घेतो. वीस दिवसांचं शेड्यूल मग चौदावर येतं. गेलेले सहा दिवस म्हणजे नेमकं काय, हे जयपुरात लगेच समजतं. शहराचे मोठे बाजार सूरजपोल ते चांदपोल, जवळपास पूर्व-पश्चिम धावतात. हवामहलचं तोंड पूर्वेला. सकाळी साडेसहा ते नऊ उजेड रस्त्याच्या लांबीने येतो, संध्याकाळी उलट टोकाकडून. मधले सात-आठ तास तो डोक्यावर असतो. चौदा दिवसांचा सिनेमा या मधल्या तासांत शूट होतो, कारण त्याला सकाळची वाट पाहणं परवडत नाही. मग नऊ स्टॉपची काच लागते, थर्माकोल लागतो, जनरेटर लागतो, आणि जनरेटरचा आवाज पुन्हा त्या माइकमध्ये जातो. साध्या कॅमेऱ्यावर वीस दिवस मिळाले असते तर दुपारी अंगणाच्या सावलीत बसून पुढचा प्रसंग बसवता आला असता, नटांच्या तालमी झाल्या असत्या, रूम टोन घेता आला असता. जयपूरच्या स्थानिक सिनेमावाल्यांना, ‘भोभर’ (२०१२) करणाऱ्या गजेंद्र श्रोत्रियांसारख्यांना, हा हिशेब बाहेरून येणाऱ्या युनिटपेक्षा जास्त ठाऊक असणार, कारण त्यांना सकाळी तिथेच उठायचं असतं.

पटकथेच्या पहिल्या खर्ड्यावर प्रसंगाच्या माथ्यावर आपण ‘बाह्य, दिवस’ असं लिहितो. जयपूरपुरतं तरी तिथे तास लिहायला सुरुवात करावी, आणि त्याच ओळीत लेन्स आणि माइक कुठे असेल तेही. ते सुचत नसेल तर प्रसंग अजून लिहून व्हायचा आहे. रेंटलवाल्याला फोन त्यानंतर.