औषधाची चोरी, नावाची चोरी

मागच्या महिन्यात जबलपूरच्या आमच्या साप्ताहिक स्वाध्यायात 'अस्तेय' हा विषय होता. पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांपैकी हा तिसरा. चर्चा सुरू होताच एक काका म्हणाले, "हा यम आपल्याला सोपा आहे. आपण कुठे चोरी करतो?" सगळे हसले. मागच्या रांगेत एक ताई बसल्या होत्या. त्या परिचारिका आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या एका मैत्रिणीवर वॉर्डातली इंजेक्शने चोरल्याचा आरोप आहे. चौकशी अजून चालू आहे. पण तिच्या गल्लीत निकाल कधीच लागलाय."

मग कोणी हसले नाही. मी तर मान खाली घातली. त्याचे कारण मला पाच-सहा वर्षे मागे घेऊन गेले.

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट. रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी नातेवाईक रात्र-रात्र वणवण फिरत होते. त्या दिवसांत भोपाळमध्ये पोलिसांनी एका तरुणाला हे इंजेक्शन काळ्या बाजारात विकताना पकडले. पोलिसांचा आरोप असा होता, की त्याची परिचारिका मैत्रीण रुग्णाला दुसरेच साधे इंजेक्शन देऊन रेमडेसिविर बाजूला ठेवत असे. पुढच्याच महिन्यात गुजरात पोलिसांच्या तपासाचा धागा आमच्या जबलपूरपर्यंत आला. मीठ आणि ग्लुकोजचे पाणी भरलेल्या बनावट रेमडेसिविरच्या प्रकरणात येथील एका खासगी रुग्णालयाच्या संचालकाला अटक झाली.

भोपाळची बातमी मी तेव्हा तीन गटांवर पुढे पाठवली होती. वर स्वतःचा एक शब्दही जोडला होता, 'राक्षसीण'. पुढे न्यायालयात काय झाले, हे मी कधी विचारलेही नाही. स्वाध्यायात त्या ताई बोलल्या तेव्हा तो शब्द मला आठवला.

आरोप खरा असेल तर तो किती गंभीर आहे, हे आधी नीट समजून घेऊ या. औषध पळवणाऱ्याच्या हाती एक काचेची कुपी येते, पण रुग्णाचे जाते ते त्याहून मोठे असते. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनऐवजी सलाईनचे पाणी टोचले गेलेला माणूस रात्रभर कण्हत राहतो आणि सगळे त्याला सांगतात, "इंजेक्शन दिलंय, आता थोडं सहन करा." त्याची वेदनासुद्धा खोटी ठरवली जाते. ज्याच्या हातात आपण डोळे मिटून आपला हात देतो, त्यानेच केलेली ही चोरी असते. म्हणून 'जाऊ द्या, गरीब बाई आहे' असे म्हणून ती झाकणे ही करुणा नव्हे.

झाकण्याने काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. एक तंत्रज्ञ रुग्णांसाठी असलेले फेंटानिल स्वतःला टोचून घेई आणि त्याच सुया रुग्णांसाठी परत ठेवी. संशय आला तरी तो एका रुग्णालयातून निघून दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात कामाला लागत राहिला. २०१२ मध्ये त्याला अटक झाली, तोवर ४० हून अधिक रुग्णांना त्याच्यामुळे हिपॅटायटीस सी झाला होता. पुढच्या वर्षी त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. वाटेत कोणी ठामपणे चौकशी केली असती, तर ते रुग्ण वाचले असते आणि कदाचित तोही वाचला असता.

आता दुसरी बाजू पाहू.

मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधे आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. ती कुलपात ठेवतात. किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे असते आणि ड्यूटी बदलताना मोजदाद करून पुढे दिली जाते. कोणत्या रुग्णाला, किती वाजता, किती दिले, हे रजिस्टरमध्ये लिहायचे असते. रिकामी कुपी परत द्यायची, उरलेले औषध दुसऱ्याच्या साक्षीने टाकायचे. एवढे करूनही एखाद्या पहाटे मोजणी जुळत नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, की तेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे एवढेच कळते. ती कोणाची आणि का झाली, हे खतावणीचे पान न् पान उलटल्याशिवाय कळत नाही. आणि तेरीज जुळली म्हणजे सगळे बरोबर आहे, असेही नसते. वॉर्डाच्या रजिस्टरचे तसेच आहे. एका सिस्टरवर तीस-तीस रुग्णांचा भार असेल, तर धावपळीत इंजेक्शन देऊन नोंद राहू शकते. कुपी हातातून पडून फुटू शकते. किल्ली घाईत दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. आणि चोरीही झालेली असू शकते. कमी पडलेला आकडा यांतले कोणते खरे, ते सांगत नाही.

आकड्यांनी माणसाचा घात कसा होतो, हे नेदरलँड्समध्ये दिसले. लुसिया डी बर्क या परिचारिकेच्या ड्यूटीत मृत्यू आणि अत्यवस्थ होण्याचे प्रसंग जास्त घडले, असा संशय आला. हे योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटींत एक, असे न्यायालयापुढे सांगण्यात आले. २००३ मध्ये तिला जन्मठेप झाली. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी तो हिशेबच चुकीचा असल्याचे दाखवले, वैद्यकीय पुरावाही टिकला नाही आणि २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. मधली वर्षे तिला कोणी परत देऊ शकले नाही.

म्हणून नर्सिंग कौन्सिलची चौकशी असते. नोटीस द्यायची, उत्तर ऐकायचे, कागद तपासायचे आणि मगच नाव नोंदवहीतून काढायचे की ठेवायचे ते ठरवायचे. तोवर तिला औषधांच्या कपाटापासून दूर ठेवणे योग्यच आहे, कारण रुग्णाचे रक्षण थांबवता येत नाही. पण दूर ठेवणे ही खबरदारी आहे, शिक्षा नव्हे. हा फरक कौन्सिलला कळतो. गल्लीला आणि मोबाइलवरच्या गटांना तो कळत नाही.

आणि चौकशीत दोष सिद्ध झाला तर? पैशासाठी औषध विकणाऱ्याने कायद्याची शिक्षा भोगलीच पाहिजे. पण काही जणी रात्रपाळ्यांच्या थकव्यात, पाठदुखीत एकदा औषध घेतात आणि त्यात अडकतात. व्यसन हा आजारही आहे, हे आपला कायदाही मानतो. १९८५ च्या त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९८३ मध्येच अशा परिचारिकांसाठी उपचार आणि देखरेखीची योजना सुरू केली. दोष मान्य करायचा, काही काळ काम सोडायचे, उपचार घ्यायचे, तपासणीला सामोरे जायचे आणि मग परत यायचे. सत्य आणि करुणा येथे एकाच दाराने आत येतात. सत्य सांगितल्यावर परतीची वाट उरणार असेल, तरच माणूस सत्य सांगायला धजतो.

मग अस्तेय खरेच सोपे आहे का? जे आपले नाही, ते न घेणे म्हणजे अस्तेय. रुग्णाचे औषध त्या परिचारिकेचे नव्हते. पण तिच्याबद्दलचा निकालही माझा नव्हता. तो मी घेतला आणि तीन गटांत वाटला. औषधाच्या चोरीची मोजदाद करायला रजिस्टर असते. नावाच्या चोरीची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, ती फक्त आपल्या अंतःकरणात होते. म्हणून साधकाने तिथेच ती शोधायची असते.

स्वाध्याय संपल्यावर मी त्या ताईंना विचारले, "तुमच्या मैत्रिणीसाठी आम्ही काही करू शकतो का?" त्या म्हणाल्या, "ती निर्दोष आहे असं म्हणू नका. ते मलाही माहीत नाही. पण ती संध्याकाळी मंदिरात येते तेव्हा बायका उठून दुसरीकडे बसतात. तेवढं करू नका."

या आठवड्यात आपण एक छोटा संकल्प करू या. ज्याची चौकशी चालू आहे, त्याच्याबद्दल आलेला एक तरी संदेश पुढे पाठवायचा नाही. आपल्या डोळ्यांसमोर चूक घडत असेल, तर ती योग्य ठिकाणी, स्वतःच्या नावाने सांगायची. आणि अशी एखादी व्यक्ती शेजारी येऊन बसली, तर जागेवरून उठायचे नाही.