आप्त मेकॅनिक
न्यायदर्शन चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंजिन तापल्यावर काटा लाल खुणेकडे सरकलेला दिसतो, हे प्रत्यक्ष. कारण मात्र अनुमानाने शोधावे लागते. कूलंट कमी झाले म्हणजे रेडिएटरच गळतो असे नाही. वॉटर पंप किंवा हेड गॅस्केटही कारण असू शकते. एकाच निष्कर्षाकडे न नेणाऱ्या अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. हे न उमगणारा गाडीमालक मेकॅनिकच्या शब्दावर विसंबतो. पण शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तरच. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यानुसार, वस्तू साक्षात जाणणारा आणि जाणले तसेच सांगू इच्छिणारा तो आप्त. मग तो ऋषी असो वा म्लेच्छ. काढलेला थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून तो उघडत नाही हे गिऱ्हाइकाला दाखवणारा कारागीर या दोन्ही कसोट्यांना उतरतो. नुसते कौशल्य किंवा नुसता प्रामाणिकपणा पुरेसा नाही.